दाणा थांबल्यावर

पिंजऱ्याच्या एका भिंतीत ५० सेंटिमीटर लांबीची आडवी फट आहे. उंदरानं त्या फटीत कुठंही नाक खुपसलं की दाणा मिळतो. डाव्या टोकाला खुपसलं तरी चालतं, उजव्या टोकाला, मधोमध, कुठंही. जोसेफ अँटोनायटिस या संशोधकानं १९५१ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. सुरुवातीला उंदीर फटीभर हिंडत नाक घालतो. दाणे मिळत जातात तसा तो फटीचा एक तुकडा धरतो आणि बहुतेक वेळा तिथंच नाक घालू लागतो. त्या तुकड्यात खास असं काही नसतं, दुसऱ्या टोकालाही दाणा तेवढाच मिळाला असता. मग दाणे बंद करतात. उंदीर पुन्हा फटभर पसरतो. दाणे सुरू केले की पुन्हा आकसतो.

प्राण्यांच्या वर्तनावरचे कितीतरी प्रयोग मी आवडीनं वाचले, पण पुन्हा पुन्हा याच्याकडं येते. कारण यात उंदराला नवं शिकण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. नाक खुपसायचं, बस. तरीही बक्षिसाच्या येण्याजाण्याबरोबर त्याच्या वागण्याचा पसारा मिटतो आणि उघडतो. बक्षीस दिलं की वागणं वाढतं आणि थांबवलं की ओसरतं, हे आपण सगळेच कुठं ना कुठं शिकलेलो असतो. ते खरंच आहे. पण ते ‘किती’चं उत्तर झालं. ‘किती तऱ्हांनी’ हा वेगळा प्रश्न आहे, आणि मला तो जास्त खोल वाटतो.

हा प्रश्न बराच काळ मागं का राहिला, ते समजायला बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पेटीकडं जावं लागतं: प्राण्यानं दांडी किंवा कळ दाबली की दाणा देणारा पिंजरा. त्याची दांडी दाबणारी उंदरं आणि कळीवर टोचा मारणारी कबुतरं सगळ्यांना ठाऊक आहेत. बक्षीस प्रत्येक वेळी न देता अधूनमधून द्यायचं, ही कल्पना त्याला कशी सुचली ते त्यानंच लिहून ठेवलं आहे. उंदरांसाठीचे दाणे तो स्वतः तयार करायचा आणि ते फार वेळखाऊ काम होतं. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की उरलेला दिवस दाणे वळण्यात घालवला नाही तर सोमवारी सकाळी साठा संपलेला असेल. मग त्यानं विचार केला, दांडीच्या प्रत्येक दाबाला दाणा द्यायलाच हवा का? मिनिटाला एकच दिला तर? उंदीर दांडी दाबत राहिला, तेही एका ठरावीक गतीनं. त्यातून पुढं बक्षिसाच्या वेळापत्रकांचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. चार्ल्स फर्स्टरबरोबर स्किनरनं १९५७ साली त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. ठरावीक संख्येच्या दाबांनंतर बक्षीस असेल तर प्राणी बक्षीस मिळाल्यावर जरा थांबतो आणि मग सपाटा लावतो. ठरावीक वेळानं असेल तर वेळ जवळ येईल तशी गती वाढत जाते. कितव्या दाबाला मिळेल याचा नेम नसेल तर तो दमेपर्यंत दाबत राहतो. जुगाराचा विषय निघाला की हा शेवटचा प्रकार हमखास सांगितला जातो.

या सगळ्या मोजणीत एक लेखणी होती. कागद सरकत राहायचा आणि दर दाबाला लेखणी एक पायरी वर चढायची. उंदरानं दांडी डाव्या पंजानं दाबली, दोन्ही पंजांनी दाबली, अलगद दाबली की बराच वेळ धरून ठेवली, लेखणीची पायरी तेवढीच. स्किनरनं हे पूर्ण विचारानं केलं होतं. ज्यांचा परिणाम एकच, त्या सगळ्या हालचाली एका वर्गातल्या, अशी त्याची मांडणी होती, आणि ती फार फलदायी ठरली. वागण्याच्या गतीबद्दल आपल्याला जे कळलं ते या एका निर्णयामुळं. पण त्या वर्गाच्या आत जे वेगवेगळेपण होतं ते कागदावर उतरलंच नाही. मला वाटतं, तिथंच तर सगळी मौज होती.

ती मौज मोजायला घेतली सेथ रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. उंदरानं दांडी किती वेळा दाबली याच्याबरोबरच प्रत्येक वेळी ती किती वेळ दाबून धरली, हेही त्यांनी पाहिलं. त्यांचा २००१ सालचा प्रयोग असा होता: खूण सुरू झाली की ठरावीक वेळानंतरच्या पहिल्या दाबाला दाणा. पण काही खेपांना दाणा द्यायचाच नाही आणि खूण कितीतरी जास्त वेळ चालू ठेवायची. अशा खेपेला उंदीर दाण्याच्या वेळेपर्यंत वेग वाढवत नेतो. वेळ टळली की वेग उतरतो. इथवर जुनीच गोष्ट. नवी गोष्ट अशी, की वेळ टळून गेल्यावर दाबांचा कालावधी पांगू लागला. आधी दाब साधारण एकसारखे होते, आता काही भलतेच लांबले. पुढं २००४ साली त्यांनी बक्षिसाची शक्यताच कमीजास्त करून पाहिली आणि तिथंही तेच दिसलं: आशा कमी झाली की दाबण्याची तऱ्हा पांगते. २०१० साली लॉस एंजेलिसमधल्या एरन ब्लेझडेलच्या प्रयोगशाळेत कबुतरांना स्पर्शपडद्यावर वेगवेगळ्या खुणा दाखवल्या. एका खुणेवर टोच मारली की दाणा नक्की, दुसरीवर कधीमधी, आणखी एकीवर शंभरात एकदाही नाही इतक्या क्वचित. पक्षी तोच, चोच तीच. खात्रीच्या खुणेवरच्या टोचा दाटीनं पडल्या, आणि आशा फारच थोडी असलेल्या खुणांवरच्या टोचा विखुरल्या. जागेनं विखुरल्या आणि वेळेनंही.

इथं एक शंका घ्यायलाच हवी. प्राणी पसरतो तो शोध घेतो म्हणून, की त्याचं मन उडतं म्हणून? बक्षीस मिळणारच नसेल तर नेमकेपणाची मेहनत कशाला घ्यायची? ढिलाईनं केलेलं काम आणि चाचपडत केलेलं काम, दोन्हींच्या टोचा कागदावर सारख्याच विखुरलेल्या दिसतील. माझा कल शोधाकडं आहे, आणि त्याचं कारण आहे ॲलन न्यूरिंजर आणि सहकाऱ्यांचा २००१ सालचा एक प्रयोग. उंदरांनी तीन-तीन हालचालींचे क्रम करायचे होते. बक्षीस चालू असताना काही क्रम नेहमीचे झाले, काही दुर्मीळ राहिले. मग बक्षीस बंद केलं. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या टप्प्याला विलोपन म्हणतात. उंदरांचं एकूण काम हळूहळू मंदावलं. पण क्रमांची मूळ उतरंड टिकली: जे आधी सर्वांत जास्त वेळा व्हायचे ते अजूनही सर्वांत जास्त वेळा होत होते. फक्त जे आधी फार क्वचित घडायचे, ते आता अधूनमधून डोकं वर काढू लागले. नुसती ढिलाई असती तर उतरंडच ढासळली असती. उंदीर आजवर जे कामी आलं त्याला धरून राहिला, आणि मधूनच एखादा पार वेगळा प्रयत्न करून बघू लागला. अडचणीत सापडलेल्या कुणालाही याहून शहाणा सल्ला काय देता येईल, मला सुचत नाही.

घरातल्या कुत्र्याकडं बघताना मला हा प्रयोग नेहमी आठवतो. हात पुढं केला की तो पंजा देतो, हे त्याला चांगलं येतं. बिस्किट मुठीत धरून मी मूठ उघडलीच नाही, तर तो आधी पंजा देतो. मग जोरात देतो. मग दुसरा पंजा, मग नाकानं मूठ ढकलणं, एक बारीकसं भुंकणं, आडवं पडणं. आजवर त्याला शिकवलेलं सगळं एकामागून एक बाहेर येतं, आणि त्यात एखादी हालचाल अशी येते की जी मी कधीच शिकवलेली नाही. या सगळ्याच्या मधे मधे तो पुन्हा पंजा देऊन पाहतो. तो पुन्हापुन्हा येणारा पंजा मला फार मोलाचा वाटतो. जुनं सोडून न देता नव्याकडं जायची ही रीत आहे. प्राणी शिकवणारी जाणती माणसं नेमकं इथंच काम करतात. आत्ता जमतंय त्याचं बक्षीस क्षणभर रोखायचं, प्राणी पसरू लागला की त्या पसाऱ्यातून हवी ती हालचाल टिपायची आणि तिला बक्षीस द्यायचं. रोखणं जरा जास्त लांबलं की प्राणी पाठ फिरवून निघून जातो. सगळं कसब त्या क्षणभरात असतं.

रिमोट चालेनासा झाला की आपण बटण आधी जोरात दाबतो, मग कोन बदलून, मग रिमोट तळहातावर आपटून पुन्हा दाबतो. आपणही त्याच वंशातले. पण ही रीत आपल्यापेक्षा आणि कुत्र्यापेक्षाही फार जुनी असावी. इ. कोलाय हा जिवाणू सरळ पोहतो, मग गटांगळी खाऊन दिशा बदलतो, पुन्हा सरळ पोहतो. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ साली सूक्ष्मदर्शकातून त्याचा माग काढला. पोषक द्रव्य वाढत्या प्रमाणात लागत असेल तर त्याच्या गटांगळ्या कमी होतात आणि सरळ धावा लांबतात. त्याला मेंदू नाही, आशा नाही, दाण्याची आठवण नाही. तरी बरं चाललं आहे तोवर वाट न बदलण्याचा हिशेब त्याच्याकडंही आहे.

आता बक्षिसाची दुसरी बाजू. स्किनरचा १९४८ सालचा कबुतरांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पक्षी काहीही करो, दर १५ सेकंदांनी दाणा येणार. आठांपैकी सहा पक्ष्यांमध्ये ठळक, ठरीव हालचाली दिसल्या. एक गोल फिरायचा, एक वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचा, काही लंबकासारखी मान झुलवायचे. दाणा आला तेव्हा योगायोगानं जे चाललं होतं तेच पक्ष्याच्या अंगवळणी पडलं, असा स्किनरचा अर्थ, आणि म्हणून त्यानं त्याला अंधश्रद्धा म्हटलं. १९७१ साली जॉन स्टॅडन आणि व्हर्जिनिया सिमेलहॅग यांनी तसाच प्रयोग सेकंदासेकंदाच्या नोंदी ठेवून पुन्हा केला. दाण्याची वेळ जवळ आली की जवळजवळ सगळे पक्षी एकच गोष्ट करत: दाण्याच्या बाजूच्या भिंतीवर टोचा मारत. वेगवेगळेपणा होता तो दाणा नुकताच येऊन गेल्यावर, पुढचा अजून लांब असताना. अंधश्रद्धेची गोष्ट रंगतदार आहे, म्हणून ती अजूनही सांगितली जाते. मला मात्र दुसरी नोंद जास्त बोलकी वाटते. दाणा लांब असताना पसरायचं, जवळ आला की आकसायचं: तीच भरती-ओहोटी, काही सेकंदांच्या आत मावलेली.

मग असं वाटू लागतं की बक्षीस आणि विविधता यांचं वैरच आहे. बॅरी श्वार्ट्झला १९८० च्या सुमारास जवळपास असंच दिसलं. त्याच्या कबुतरांसमोर पाच गुणिले पाच दिव्यांची चौकट होती. एका कळीवर टोच मारली की उजेड एक घर उजवीकडं सरके, दुसरीवर मारली की एक घर खाली. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात पोचलं की दाणा. त्यासाठी दोन्ही कळींवर चार-चार टोचा हव्यात, क्रम कुठलाही चालेल. असे ७० क्रम संभवतात. कबुतरांनी थोडक्या क्रमांवर जम बसवला. मागच्या खेपेपेक्षा वेगळा क्रम केला तरच दाणा, अशी अट घातल्यावरही त्यांना ते नीट जमलं नाही. निष्कर्ष निघाला की बक्षीस साचे घडवतं, विविधता बक्षिसानं शिकवता येत नाही.

१९८५ साली सुझन पेज आणि न्यूरिंजर यांनी या प्रयोगातला एक काटा शोधून काढला. एका कळीवर पाचवी टोच पडली की श्वार्ट्झच्या प्रयोगात खेप बाद व्हायची. दोन कळींवर आठ टोचांचे एकूण क्रम २५६. म्हणजे एखादं कबूतर खरोखर मनमोकळं वागलं, प्रत्येक टोचेला नाणं उडवल्यासारखं, तर त्याच्या २५६ क्रमांपैकी चालणारे फक्त ७०. चारातल्या जवळपास तीन खेपा बाद. वेगळं वाग असं सांगायचं आणि वेगळं वागणाऱ्यालाच सर्वांत जास्त शिक्षा करायची, अशी ती रचना होती. पेज आणि न्यूरिंजर यांनी चार-चारचं बंधन काढलं आणि वेगळेपणाची अट पायरीपायरीनं कडक केली. शेवटी मागच्या ५० क्रमांपैकी एकाशीही न जुळणारा क्रम केला तरच दाणा, इथवर ते गेले. कबुतरांनी ते केलं.

हे वाचताना मी थांबले होते. ५० क्रम कबूतर लक्षात ठेवतं की काय? त्यांनी हेही तपासलं. क्रमातल्या टोचांची संख्या वाढवत नेली. लक्षात ठेवून वागायचं असेल तर लांब क्रम जड जायला हवेत. नाणं उडवल्यासारखं वागायचं असेल तर लांब क्रम सोपे, कारण शक्यता वाढल्यानं पुनरावृत्ती आपोआप टळते. कबुतरांना लांब क्रम सोपे गेले. मग त्यांनी जोडीची तुलना केली: तेवढीच बक्षिसं, त्याच अंतरानं, पण वेगळेपणाची अट नाही. क्रमांची विविधता घसरली. म्हणजे मघाचा पसारा बक्षीस अधूनमधून हुकल्यामुळं आलेला नव्हता, तो बक्षिसानं कमावलेला होता. आणखी पुढं, कळीचा एक रंग असेल तर बदलत राहायचं आणि दुसरा रंग असेल तर एकच ठरलेला क्रम करायचा, हेही तीच कबुतरं शिकली. रंग बदलला की पसारा उघडायचा, रंग बदलला की मिटायचा.

समुद्रात हेच आधी घडून गेलं होतं. हवाईतल्या सी लाइफ पार्कमध्ये कॅरन प्रायर आणि तिच्या सहकाऱ्यांनी खरबरीत दातांच्या जातीच्या दोन डॉल्फिन माद्यांबरोबर काम केलं, मालिया आणि हौ. १९६९ साली त्यांचा लेख आला. अट एकच: आजवर कधीच बक्षीस न मिळालेली हालचाल केली तरच मासा. मालियानं ते आधी पकडलं आणि मग हवेतल्या कोलांट्या, शेपूट पाण्याबाहेर काढून तरंगत जाणं, टाकीच्या तळावरून घसरत जाणं असं काय काय दाखवलं. तेच सगळं नोंदी ठेवून हौबरोबर पुन्हा केलं. हौ आधी जुन्याच क्रमात अडकून होती, आणि मग तिच्याकडून नव्या हालचालींचा असा लोंढा सुरू झाला की पाहणाऱ्यांना त्यांचं वर्णन करणंही अवघड जाऊ लागलं.

इतकं झाल्यावर दोन्ही सत्यं हातात राहतात आणि ती एकमेकांवर घासतात. बक्षिसाची आशा वागणं आकसवते. आणि विविधतेला बक्षीस दिलं तर विविधता वाढते. दोन्ही एकाच वेळी ओढू लागली तर? १९९६ साली न्यूरिंजर आणि सहकाऱ्यांनी हेच बघितलं. प्राण्यानं एकदा नव्हे, लागोपाठ काही खेपा वेगळेपणाची अट पुरी केल्यावर बक्षीस. बक्षीस जसजसं जवळ येई, तसतशी विविधता कमी होई. वेगळेपणानंच बक्षीस मिळणार होतं, तरीही. ज्या गटाला एकच क्रम पुन्हा पुन्हा करायचा होता, त्यांचं काम मात्र बक्षीस जवळ आल्यावर सुधारलं. मला ही सगळ्या विषयातली सर्वांत टोकदार नोंद वाटते. परीक्षा, स्पर्धा, मुदत यांच्या तोंडावर नवी कल्पना मागणाऱ्या प्रत्येकानं ती वाचावी असं मनापासून वाटतं.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत या पसाऱ्याचं एक उगमस्थानही सापडलं आहे. झेब्रा फिंच नर मादीसमोर गातो तेव्हा त्याचं गाणं काटेकोर असतं. एकटा असताना तेच गाणं जरा सैल, सूर किंचित इकडंतिकडं. एलमॅन नावाच्या मेंदूतल्या एका भागाचा यात मोठा वाटा आहे. २००५ साली बेन्स ओल्व्हेत्स्की आणि सहकाऱ्यांनी गाणं शिकणाऱ्या पिलांमध्ये तो भाग तात्पुरता बधिर केला. चाचपडत गाणारी पिलं एकाएकी एकसुरी, साचेबंद गाऊ लागली. पिलाचं चाचपडणं म्हणजे अजून न जमलेलं गाणं, असं आपण सहज समजलो असतो. इथं तर मेंदूचा एक भाग ते चाचपडणं मुद्दाम पुरवतो आहे. आणि मोठ्या पक्ष्यातला उरलासुरला सैलपणाही वाया जात नाही. २००७ साली इव्हरेन टुमर आणि मायकेल ब्रेनर्ड यांनी बंगाली फिंचच्या गाण्यातला एक स्वर ठरावीक उंचीच्या पलीकडं गेला की खरखराट ऐकवला. पक्ष्यांनी तेवढ्या बारीक फरकांतून वाट काढत स्वर हलवला.

मुलांबरोबरही हे करून पाहिलेलं आहे. १९७३ साली एलिझाबेथ गोएट्झ आणि डोनाल्ड बेअर यांनी बालवाडीतल्या तीन मुलींच्या ठोकळ्यांच्या रचना पाहिल्या. नव्या आकाराचं कौतुक केलं की आकार वाढले. त्याच त्या आकाराचं कौतुक केलं की कमी झाले. वेगळेपणाच्या कौतुकाच्या दिवसांत मुलींनी आधी कधीच न केलेले आकारही जास्त केले.

२००० साली नॅन्सी मिलर आणि न्यूरिंजर यांनी स्वमग्नता असलेल्या किशोरवयीन मुलांना संगणकावरचा एक साधा खेळ दिला. या मुलांचं वागणं पुष्कळदा फार ठरीव असतं. वेगवेगळे क्रम करण्याला बक्षीस ठेवलं तेव्हा त्यांचे क्रम बदलू लागले. मग ती अट काढून घेतली आणि बक्षीस क्रमाशी संबंध न ठेवता अधूनमधून देत राहिले. आता वेगळं वागण्यानं जास्त काही मिळत नव्हतं. तरी मुलांचे क्रम पूर्वीइतके ठरीव झाले नाहीत, विविधता बरीचशी टिकून राहिली.